ग्राम्फू–बातल–कुंझुम: छोटी गाडी जाईल का? (सप्टेंबर, चार माणसं)

सारथी_नवखा

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात हिमाचलमधलं स्पिती ठरतंय. गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, कागदावर ग्राउंड क्लिअरन्स (पोट ते जमीन अंतर) १६३ मिमी. माणसं चार, बॅगा चार. बेत असा: मनालीला एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून ग्राम्फू, छत्रू, बातल करत त्याच रात्री चंद्रतालच्या तंबूत. तिसऱ्या दिवशी कुंझुम खिंड ओलांडून काझा. परत किन्नौरमार्गे.

गाडी जाईल का, टायरमध्ये हवा किती ठेवायची आणि कॅनमध्ये पेट्रोल न्यावं का, एवढं सांगा. वरंधा, आंबेनळी हाताखालचे आहेत, पण ते डांबरी. कच्च्याची सवय शून्य. 'थार घ्या' हा सल्ला कृपया नको, हप्ते या हॅचबॅकचेच चालू आहेत.

पाना_चौदा

जाते. मोसमात हिमाचल परिवहनची मनाली–काझा बस याच रस्त्याने जाते, आणि बातलच्या ढाब्यासमोर आल्टोही उभ्या दिसतात. घोळ त्या १६३ मध्ये आहे. तो आकडा रिकाम्या गाडीचा. चार माणसं बसली आणि डिकीत साठ किलो पडलं की मागचं अंग तीन-चार सेंटिमीटर बसतं. उरले १२५-१३०. ग्राम्फू ते बातल या पन्नासेक किलोमीटरमध्ये दगड नारळाएवढा असतो आणि नेमका दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर बसलेला असतो.

म्हणून मोठा दगड कधीही पोटाखाली घ्यायचा नाही. त्यावर चाक चढवायचं, पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने. चाक वर गेलं की पोटही वर जातं. शहरात खड्डा आणि दगड चाकांच्या मध्ये घ्यायची सवय असते, ती इथे चेंबर (इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी) फोडते. चेंबरला खालून ३ मिमीचा लोखंडी पत्रा मारून घ्या, मात्र ऑइलच्या बोल्टसमोर भोक आणि हवेला फटी ठेवायला सांगा, नाहीतर इंजिन तापतं.

जिथे शंका येईल तिथे तिघांनी उतरायचं. दोनशे किलो उतरले की ते तीन सेंटिमीटर परत मिळतात. एकाने पुढे उभं राहून चाक बघायचं, बाकीच्यांनी फोटो काढू नयेत.

धुकट

मनालीहून निघून त्याच रात्री चंद्रताल? तुम्हाला गाडीची काळजी आहे, डोक्याची नाही का?

सारथी_नवखा

@धुकट, म्हणजे?

गोळीवाली_ताई

म्हणजे असं: मनाली सुमारे २,०५० मीटर, चंद्रताल साधारण ४,३००. एका दिवसात सव्वादोन हजार मीटर चढून तिथेच झोपायचं. विरळ हवेचा त्रास चढताना फारसा जाणवत नाही, झोपल्यावर गाठतो. रात्री दोनला डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, तर उपाय खाली उतरणं हाच. आणि खाली म्हणजे तोच बारा-चौदा किलोमीटरचा एका गाडीच्या रुंदीचा रस्ता, अंधारात, डोकं दुखणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती.

बेत उलटा फिरवा. शिमला, नारकंडा, कल्पा, नाको (सुमारे ३,६०० मी.), ताबो, काझा. काझात दोन रात्री, मग लोसर, कुंझुम, चंद्रताल, आणि शेवटी बातल–ग्राम्फू–मनाली. शरीराला पाच-सहा दिवस मिळतात. असेटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून, चढायच्या आदल्या दिवसापासून १२५ मिग्रॅ दोनदा हा नेहमीचा डोस. सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. ऑक्सिजनचा हाती धरायचा डबा काही मिनिटांत संपतो, त्याच्या भरवशावर वर झोपू नका.

नाला_निरीक्षक

ताईंना शंभर टक्के अनुमोदन, पण उलट्या बेतात एक मेख आहे आणि ती पाण्याची.

ग्राम्फू–बातल पट्ट्यातले नाले हिमनद्यांच्या पाण्यावर चालतात. ऊन पडलं की वर बर्फ वितळतो, ते पाणी खाली यायला काही तास लागतात. म्हणून सकाळी सातला घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला गुडघ्याच्या वर असतो. नाला तोच, दगड तेच. जितकं पाणी वाढतं तितके तळातले दगडही सरकतात, त्यामुळे सकाळी पाहिलेली वाट दुपारी तिथे असेलच असं नाही.

मनालीहून पहाटे पाचला निघालं तरी छत्रू आणि छोटा दर्राचे नाले लागेपर्यंत ऊन चढलेलं असतं. उलट बाजूने, चंद्रताल किंवा बातलला मुक्काम करून सहाला निघालात, तर तेच नाले नऊच्या आत मागे पडतात. काझाहून थेट एका दमात मनाली गाठायची म्हटलं तर मात्र बातललाच दुपार होते आणि सगळं पाणी ऐन भरात भेटतं. म्हणजे उलटा बेत चांगला, पण मधला मुक्काम गाळायचा नाही.

सप्टेंबरात पाणी जुलैपेक्षा कमी असतं हे खरं. पण मान्सूनचं शेपूट आलं आणि वर पाऊस झाला तर हे घड्याळ मोडतं. गढूळ पाणी आणि आतून दगड गडगडल्याचा आवाज आला तर गाडी बंद करून चहा प्यायचा.

तिरपा_डोळा

पहाटेचं सगळीकडे लागू करू नका. सप्टेंबर अखेरीपासून रस्त्यावर पसरलेलं पाणी रात्री गोठतं. नाल्याच्या दोन्ही काठांना टायरने आणलेलं पाणी पातळ काचेसारखं बसतं, दिसत नाही. चाक त्यावर आलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही शोभेचे. दुसऱ्या आठवड्यात शक्यता कमी, पण सावलीतल्या वळणावर काळा चकाकता पट्टा दिसला तर उतरून बूट घासून बघा.

नाला_निरीक्षक

मान्य. साडेसहा-सात म्हणू.

कुतूहल_कट्टा

नाला ओलांडायचा म्हणजे नक्की कसा? 'पहिला गिअर आणि जय बजरंगबली' यापलीकडे काही?

नाला_निरीक्षक

बजरंगबली शेवटी. आधी उतरा. पाणी गुडघ्याखाली असेल आणि ओढ कमी असेल तर काठी घेऊन चालत जा. जिथून पायी जाता येत नाही तिथून छोटी गाडीही नेऊ नका. बंपरच्या खालच्या कडेपर्यंत पाणी ही हॅचबॅकची मर्यादा. इंजिनाचा श्वास (हवा आत घ्यायचं तोंड) बहुतेक गाड्यांत हेडलाइटच्या मागे-वर असतो, तो कुठे आहे ते निघण्याआधी बॉनेट उघडून बघून ठेवा.

वाट निवडताना डोंगराच्या अगदी कडेला जाऊ नका, पाणी वरून पडतं तिथे खड्डा कोरलेला असतो. दरीच्या कडेलाही नको, तिथली कड पोखरलेली असते. पाणी जिथे पसरून खळखळतंय तिथे उथळ. जिथे गुळगुळीत आणि शांत दिसतंय तिथे खोल. टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागे जायला हरकत नाही, पण त्याच्या चाकांमधलं अंतर जास्त आणि चाक मोठं. तो जे सहज तुडवतो ते तुमच्या पोटाला लागतं.

मग एसी बंद, काचा खाली. पहिला गिअर काठावरच, क्लचवरून पाय पूर्ण काढलेला, इंजिन दोन हजार आरपीएमच्या आसपास, आणि पलीकडे चाकं बाहेर येईपर्यंत ना गिअर ना क्लच. लोक घाबरून हाफ क्लच धरतात, तिथे ओली प्लेट घसरते आणि गाडी मधोमध थांबते. जोरात घुसायचं नाही, उडालेलं पाणी सरळ फिल्टरमध्ये जातं. पलीकडे गेल्यावर शंभर मीटर हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा, पॅड सुकतात.

कुतूहल_कट्टा

आणि मध्येच बंद पडली तर?

पाना_चौदा

पाणी सायलेन्सरपर्यंतच आहे, फिल्टर कोरडा आहे, असं खात्रीने माहीत असेल तरच स्टार्टर मारा. नाहीतर चावीला हात नको. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते शिरलेलं असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून हात लावून बघा. ओला असेल तर स्पार्क प्लग काढून इंजिन फिरवायचं, भोकातून पाणी फवाऱ्यासारखं उडतं, मग प्लग पुसून परत.

ओढायचा हूक टूलकिटमध्ये सुटा असतो, बंपरमधलं चौकोनी झाकण काढून तो पिळून बसवायचा. काही गाड्यांत आटे उलटे असतात. हे पुण्यात पार्किंगमध्ये एकदा करून बघा, बर्फाच्या पाण्यात उभं राहून नव्हे.

बुंगाट_बाइकर

दुचाकीवाल्यांसाठी एक ओळ: नाल्यात पाय खाली सोडायचे नाहीत, नजर पलीकडच्या काठावर, पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. पाय सोडले की गाडी पडते. नजर दगडावर ठेवली की चाक त्याच दगडावर जातं.

हवापाणी

टायरचं कोणी बोललंच नाही. मूळ प्रश्न होता हो!

वर गेल्यावर हवा फुगते म्हणून लोक मनालीलाच पाच-सहा पीएसआय सोडून देतात. हिशेब करा. पुणे ते कुंझुम (सुमारे ४,५५० मी.) बाहेरचा हवेचा दाब साधारण साडेपाच पीएसआयने घटतो, म्हणून गेजवर तेवढं वाढलेलं दिसायला हवं. पण पुण्यात ३० अंशांना भरलेली हवा वर ५ अंशांना येते, त्याने जवळजवळ चार पीएसआय कमी होतात. हाती राहिला दीड. त्यासाठी हवा सोडायची गरज नाही. काझात सकाळी गार टायरवर एकदा मोजा, कंपनीचा आकडा ठेवा, झालं.

पाना_चौदा

हिशेब बरोबर, निष्कर्ष अर्धा. दगडी रस्त्यावर ३३ ठेवलीत तर गाडी टणाटण उडते आणि पकड जाते. २८ वर आणा.

हवापाणी

२८ ठीक. पण २२-२४ वर आणणारे महाभाग आहेत, व्हिडिओत वाळूतलं ज्ञान बघून. या रस्त्याचा दगड फुटीव आहे, धारदार. हवा कमी की टायरची बगल बाहेर फुगते आणि तीच चिरते. ट्यूबलेसमध्ये तळाला भोक पडलं तर वात (भोक बुजवायची रबरी दोरी) घालून दहा मिनिटांत निघता येतं, बगल चिरली तर वात धरत नाही. तिथे स्टेपनी, आणि स्टेपनी एकच. शिवाय हवा कमी म्हणजे क्लिअरन्सही कमी, त्या १३० मधूनच.

पाना_चौदा

चार माणसं आहेत. मागे ३०, पुढे २८. तह?

हवापाणी

तह. :)

सोबत १२ व्होल्टचा पंप, दहा-बारा वाती, रबर सोल्युशन, आणि टायरच्या मापाची एक ट्यूब. बगल चिरल्यावर आतून जुन्या टायरचा तुकडा लावून ट्यूब घातली की काझापर्यंत रांगत जाता येतं. स्टेपनीत हवा आहे का तेही बघा, ती नेहमी बसलेली असते.

चिवडा_सम्राट

हवेचा दाब समजून घ्यायला सोपी युक्ती: भाकरवडीचं पाकीट डॅशबोर्डवर ठेवा. बोगद्यापाशी टम्म, बातलला ढोल, कुंझुमला फटाका.

धुकट

पाकीट उघडंच न्या, एवढा वेळ टिकणार आहे का ते?

पाना_चौदा

हसताय, पण कॅनमधल्या पेट्रोलचं तेच होतं. काठोकाठ भरलेला प्लॅस्टिकचा कॅन वर गेला की फुगतो, झाकणाकडून वाफ सुटते, आणि काचा बंद असलेल्या गाडीत चार माणसं ती हुंगत बसतात.

कॅनची गरजच नाही. मनालीला टाकी फुल करा. तिथून काझा साधारण दोनशे किलोमीटर, चंद्रतालचा फाटा धरून सव्वादोनशे-अडीचशे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमुळे मायलेज निम्म्यावर आलं, दहाचं धरलं, तरी पंचवीस लिटर. टाकी ३७ ची. काझात पंप आहे. टांडीचा पंप वाटेत धरू नका, बोगद्यातून बाहेर पडून पूल ओलांडल्यावर तो डावीकडे केलाँगच्या वाटेवर आहे, तुम्हाला उजवीकडे खोकसरला वळायचंय. आणि खोकसरनंतर लोसरपर्यंत मोबाइलला सिग्नल नाही असं धरूनच चाला.

डिझेल_भक्त

थोडं अवांतर: बीएस-६ डिझेलवाल्यांनी या रस्त्यावर डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा लागला तर घाबरायचं नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. सहा तास पहिल्या-दुसऱ्यात रखडलं की काजळी साचते, आणि ती जाळायला साठच्या आसपास सलग पंधरा-वीस मिनिटं लागतात. असा रस्ता लोसरच्या अलीकडे नाही. म्हणून मनाली ते बोगदा हा पट्टा इंजिन गरम ठेवून, एक गिअर खाली चालवा, वर जाताना फिल्टर शक्य तितका रिकामा हवा.

एएमटी_पीडित

एएमटी (क्लच-गिअर आपोआप बदलणारी गाडी) चालेल का?

पाना_चौदा

चालेल, पण 'मॅन्युअल'मध्ये टाकून पहिल्यावर अडकवून ठेवा. ऑटोवर ती चढात गिअर बदलायला एक क्षण सोडते, आणि तेवढ्यात गाडी मागे येते. चढावर ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय असेल तर ती इथे मोडा, आत क्लच जळत असतो. जळक्या रबरासारखा वास आला तर सपाट जागा बघून अर्धा तास थांबा.

घाटवाटाड्या

कुंझुमच्या चढाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. बातल सुमारे ३,९६० मीटर, खिंड ४,५५० च्या आसपास, अंतर बारा किलोमीटर. सरासरी विसात एकचा चढ, आपल्या घाटांपुढे किरकोळ. पण टर्बो नसलेलं इंजिन त्या उंचीवर चाळीस टक्के ताकद हरवून बसतं. तुमचे ८५ अश्व तिथे पन्नास उरतात, त्यावर चार माणसं.

हेअरपिनच्या आतल्या कडेला मुरूम मऊ आणि चढ तीव्र असतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तिथे वजन मागे गेल्यामुळे जागच्या जागी चाक फिरवते. म्हणून वळण बाहेरून, रुंद घ्या, वळणाच्या आधीच पहिला टाका. अडकलात तर ॲक्सिलरेटर देऊ नका, चाक खड्डा खणतं. दोन मीटर मागे या, स्टिअरिंग सरळ करून परत.

आता उतरण, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. तिथे पेट्रोल गाडीचा ब्रेक पेडल कडक वाटतो. ब्रेकला मदत करणारा बूस्टर बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतो आणि तो दाबच तिथे समुद्रसपाटीच्या ५७ टक्क्यांच्या आसपास आहे. ब्रेक बिघडलेला नाही, पाय जास्त लावावा लागतो. त्याच कारणाने इंजिन ब्रेकिंगही थोडं कमी. म्हणून जिथे आपल्याकडे तिसरा पुरतो तिथे दुसरा, दुसरा पुरतो तिथे पहिला. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्याआधी बदला, ते हवेतली ओल पितं आणि उकळायचं तापमान खाली येतं.

माथ्यावर कुंझुम मातेचं मंदिर आहे. गाड्या त्याला वळसा घालूनच पुढे जातात, तुम्हीही घाला. थांबणं दहा मिनिटं, पळापळ नको.

गोळीवाली_ताई

आणि माथ्यावर उड्या मारत फोटो नकोत. :)

तिरपा_डोळा

समोरून गाडी आली तर? नियमाने डोंगरी रस्त्यावर चढणाऱ्याला आधी वाट. प्रत्यक्षात ज्याच्या मागे जवळ रुंद जागा आहे तो रिव्हर्स घेतो, आणि बसवाला कधीच घेत नाही. चंद्रतालच्या फाट्यावर हे दर किलोमीटरला येतं, म्हणून पुढची दोन वळणं बघत चालवा आणि समोर धूळ दिसली की आहात त्या रुंद जागेत थांबा. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून दरीच्या बाजूला नव्हे, डोंगराच्या बाजूला उभं राहून सांगायचं. दरीकडे उभ्या माणसाच्या पायाखालची कड भरवशाची नाही.

कुतूहल_कट्टा

तंबू तलावाकाठी लावता येतो ना?

धुकट

नाही. चंद्रताल २००५ पासून रामसर यादीतलं (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीतलं) पाणथळ आहे. तंबूंचे तळ दोन-तीन किलोमीटर अलीकडे, गाडीही काठापर्यंत जात नाही, शेवटचं चालायचं.

सारथी_नवखा

सगळ्यांना दंडवत. बेत उलटा केला: किन्नौरकडून काझा, तिथे दोन रात्री, मग कुंझुम, चंद्रताल, आणि साडेसहाला निघून ग्राम्फू. कॅन रद्द. हवा २८/३०. पत्रा पुढच्या आठवड्यात मारून घेतो. चारऐवजी तीन बॅगा, चौथ्यावर घरात चर्चा चालू आहे.

एकच राहिलं: चेंबरला पत्रा असूनही दगड लागला आणि तेल गळायला लागलं तर?

पाना_चौदा

दिवा लागायची वाट बघू नका, मोठा ठोका ऐकू आला की थांबून खाली बघा. तेल गळतंय म्हटलं की इंजिन लगेच बंद. बारीक चीर असेल तर ती जागा पेट्रोलच्या फडक्याने कोरडी पुसायची, सँडपेपर मारायचा, एम-सील मळून दाबून बसवायचं आणि थंडीत घट्ट व्हायला दोन तास तरी द्यायचे. मग जवळचं एक लिटर तेल टाकून डिपस्टिक बघा. पेट्रोलच्या टाकीला चीर असेल तर ओला कपडे धुवायचा साबण चोळून भरा, तो पेट्रोलमध्ये विरघळत नाही, बराच वेळ धरतो.

जॅकखाली ठेवायला वीतभर रुंद प्लायचा तुकडा न्या. त्या मुरमात नुसता जॅक खाली जातो, गाडी वर येत नाही.

चिवडा_सम्राट

चौथ्या बॅगेची जागा झाली की. एम-सील, साबण, प्लाय, आणि वर भाकरवडी.